गुलाल त्यांचा, शेण आपलं

बैलगाडी शर्यतीचा विषय निघाला की दोन बाजू लगेच कंबर कसून उभ्या राहतात. एक म्हणते, ही शेतकऱ्याची परंपरा आहे, शहरी लोकांनी त्यात नाक खुपसू नये. दुसरी म्हणते, मुक्या जनावरांचा छळ आहे, बंद करा. २०११ ते २०२३ अशी बारा वर्षं हे भांडण चाललं. मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले, विधिमंडळात कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ बसलं. बैलाच्या वतीने नामांकित वकील बोलले. मालकाच्या वतीने झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी बोलले. पहाटे उठून त्या बैलाला पाणी दाखवणारी, त्याच्या पायाखालचं शेण काढणारी बाई मात्र कुणालाच आठवली नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या संघटनांनाही आठवली नाही. हा आपला विषय नाही, असं आपण परस्पर ठरवून टाकलं.

मला वाटतं, हा आपलाच विषय आहे. आणि तो आताच हातात घ्यायला हवा, पाच वर्षांनी नव्हे.

मी सुकापूरला राहते आणि आसपासच्या गावांमध्ये बचत गटांबरोबर काम करते. सुकापूर म्हणजे पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, आता गाव कमी आणि बिल्डिंगा जास्त असं ठिकाण. पण रविवारी सकाळी टेम्पोत बैल चढवून, मागे-पुढे मोटारसायकली घेऊन निघालेली मिरवणूक इथल्या रस्त्यावरून जाताना दिसते. टेम्पोवर मालकाचं नाव, गावाचं नाव, बैलाचं नाव. त्या टेम्पोत बाई मी आजवर पाहिलेली नाही.

या शर्यती सुरू कशा झाल्या ते इथल्या वयस्क बाया चांगलं सांगतात. पुरुषांना विचारलं तर ते कुठला बैल कधी जिंकला याची यादी देतात. बाया शेती कशी होती ते सांगतात. हा सगळा मुलूख भाताचा. पनवेल तर एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरून उतरणाऱ्या मालाच्या गाड्या पनवेलच्या बंदराकडे येऊ लागल्या. गाडी आणि बैल हे इथल्या माणसाचं रोजचं साधन होतं. भात कापून झालं, मळणी आटोपली की खाचरं मोकळी पडत. मग जत्रेच्या दिवशी किंवा एखाद्या दुपारी कुणीतरी जोडी छकड्याला जुंपायचा आणि शेजारच्याला आव्हान द्यायचा. जे बैल पावसाळ्यात चिखलणी करत, भाऱ्यांची गाडी ओढत, तेच पळत. बक्षीस म्हणजे एखादा नारळ, फेटा आणि गावभर नाव. खाचराच्या बांधावर बायाही असायच्या, कारण त्या तिथे कामालाच असायच्या.

ते सोन्याचे दिवस होते असं मी म्हणत नाही. तेव्हाही नांगराला बाईने हात लावायचा नाही, हा नियम होताच. चिखलणी पुरुषाची, लावणी बाईची. बैल पुरुषाचा, वाकलेली कंबर बाईची. पण निदान बैल घरच्या कामाचा होता. त्याचं खाणंपिणं हा शेतीचा खर्च होता आणि त्यातून पिकलेला दाणा घरातल्या सगळ्यांच्या ताटात येत होता.

मग शेती गेली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. भावासाठी माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण मेले, त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. नंतर विमानतळ आला, २०१३ मध्ये ‘नैना’ आलं. प्रत्येक वेळी मोबदला सातबारावर ज्याचं नाव त्याला मिळाला. आणि सातबारावर कुणाचं नाव असतं हे तुम्हाला-मला सांगायची गरज नाही.

इथे एक कागद फार महत्त्वाचा ठरला: हक्कसोड पत्र. महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती केली, २००५ मध्ये ती देशभर झाली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच आहे. कायदा असा एकेक पाऊल पुढे सरकत होता आणि तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींची रांग लागत होती, अंगठे आणि सह्या द्यायला. भावाशी वाकडं नको, माहेर तुटायला नको, म्हणून सही. बदल्यात साडी-चोळी, फार तर एखादा दागिना. सहीनंतर थोड्याच महिन्यांत भावाच्या दारात नवीन गाडी उभी राहते आणि गोठ्यात लाखांचा बैल बांधला जातो. त्या बैलाच्या किमतीत त्या बहिणीचा वाटा आहे की नाही? मग जिंकल्यावर उधळलेल्या गुलालात तिचं नाव का नसतं?

‘शेतकऱ्याची परंपरा’ हा शब्द या दृष्टीने पुन्हा तपासून पाहा. आमच्या भागात शर्यतीचा बैल शेतात जात नाही. बहुतेक बैल खिल्लार, देशावरून विकत आणलेले. कोकणातला ठेंगणा, भातशेतीच्या चिखलात टिकणारा गावठी बैल वेगळाच; ‘कोकण कपिला’ म्हणून त्या जातीला अलीकडे स्वतंत्र मान्यताही मिळाली. शर्यतीमुळे देशी वाण टिकतो असं कायद्याच्या बाजूने बोलणारे सांगतात. खिल्लार टिकत असेलही. पण इथला स्थानिक बैल पॉवर टिलरने आणि बिल्डरने संपवला, त्याच्यासाठी कुणी रस्ता अडवला नाही. ज्याची शेती राहिली नाही त्याने आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करण्यासाठी पाळलेली वस्तू, असं या बैलाचं रूप झालं आहे. त्यामागचं दुःख मला कळतं. जमीन गेलेल्या माणसाची ओळख जाते. पण ओळख काय फक्त पुरुषाचीच गेली? त्याच खाचरात आयुष्यभर लावणी केलेल्या बाईचीही गेली. तिने ती परत मिळवण्यासाठी काय पाळायचं?

आता गोठ्यात जाऊ. शर्यतीच्या बैलाचा खुराक ऐकला की डोळे फिरतात: दूध, अंडी, बदाम, खारीक, उडीद, कणकेचे गोळे. मी आकडा फुगवून सांगत नाही, एक साधा हिशेब मांडते. जोडीला दिवसाला चार लिटर दूध धरा. लिटरला ६० रुपये धरले तर महिन्याचे ७,२०० रुपये. २०२४ मध्ये सरकारने बहिणींना महिन्याला १,५०० रुपये देण्याची योजना आणली, तिचा केवढा गाजावाजा झाला! बैलाच्या नुसत्या दुधात जवळजवळ पाच लाडक्या बहिणी बसतात. अंडी-बदाम अजून धरलेच नाहीत. बचत गटाच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा आधी हशा झाला आणि मग कुणीच काही बोलेना. थोड्या वेळाने एकजण म्हणाली, आमच्याकडे बैलाला अंडी मोजून ठेवतात, पोरांनी घेतलं तर ओरडा बसतो. तिच्या सुनेचं हिमोग्लोबिन कमी म्हणून आरोग्य सेविका घरी चकरा मारत होती.

आणि हे सगळं करतं कोण? पुरुष काहीच करत नाहीत असं म्हणणं खोटं होईल. बैलाला धुणं, पोहायला नेणं, पळवून सराव देणं, शिंगं रंगवणं ही कामं पुरुष हौसेने करतात. ती चारचौघांत दिसणारी कामं आहेत. वैरण कापणं, पेंढा टाकणं, कणीक मळणं, उडीद भिजवणं-शिजवणं, शेण काढणं, गोठा धुणं ही न दिसणारी कामं. ती बाईची. काही घरांत गडी ठेवलेला असतो, बहुधा जवळच्या कातकरी वाडीतला. मग त्याच्या जोडीने त्याची बायकोही राबते आणि पगार मात्र एकाचाच असतो. शर्यतीच्या आदल्या रात्री गाववाले, पाहुणे, पोरं जमतात, त्यांचं मटण-भाकरी चुलीपुढे बसून कोण करतं तेही विचारायला नको. बैल हरला तर त्या रात्री घरात काय होतं, हे आपल्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तीला सोमवारी कळतं. जिंकला तर काय होतं, तेही काही फार वेगळं नसतं. दारू दोन्ही वेळेला असते.

काही मैत्रिणींना हे वाचून राग येईल. कारण त्यांचं त्या बैलावर प्रेम आहे. तो त्यांच्या हाकेला मान वळवतो, त्यांच्या हातचं खातो. बैल आजारी पडला तर त्या रात्रभर जागतात. हे प्रेम मी पाहिलं आहे आणि ते खोटं नाही. पण बाईच्या प्रेमाचा फुकट वापर करणं ही पुरुषप्रधान व्यवस्थेची फार जुनी युक्ती आहे. मुलांच्या बाबतीत तेच, सासू-सासऱ्यांच्या बाबतीत तेच, बैलाच्याही बाबतीत तेच. ज्याला ती लेकरू म्हणते ते विकायचा निर्णय मात्र तिला न विचारता बाजारात होतो.

न्यायालयांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्ही बंद ठरवल्या. त्या निकालात जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख आहे: भूक-तहान, गैरसोय, दुखणं-इजा, भीती-ताण यांपासून मुक्ती आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. बैलांना खिळे टोचणं, शेपट्या पिरगळणं, विजेचे झटके देणं हे प्रकार होत होते, त्यामुळे तो निकाल मला योग्यच वाटला होता, आजही वाटतो. फक्त तो वाचताना माझ्या मनात येत राहिलं की ही पाचही स्वातंत्र्यं त्याच घरातल्या सुनेपुढे ठेवली तर ती त्यातल्या कितींवर बोट ठेवून ‘हे मला आहे’ म्हणेल?

पुढे २०१७ मध्ये राज्याने आपला दुरुस्ती कायदा केला, उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवलं असेल तर न्यायालय त्यात पडणार नाही, असा त्याचा सूर आहे. इथे आपण सावध व्हायला हवं. संस्कृती विधिमंडळ ठरवणार आणि विधिमंडळात बाया किती, हे आपण मोजत आलोच आहोत. सतीप्रथा आणि बालविवाहसुद्धा कधीकाळी संस्कृतीच होते आणि त्यांच्या बाजूनेही मोठमोठे विद्वान उभे राहिले होते.

बंदी उठली आणि शर्यतींची जणू पुन्हा नव्याने सुरुवात झाली. फरक एवढाच की आता ती नारळ-फेट्याची राहिली नाही. मोटारसायकली, ट्रॅक्टर, थार गाड्या बक्षिसाला लागतात, मैदानावर मंडप आणि पुढाऱ्यांचे फलक लागतात, बिनजोडीच्या शर्यतींवर पैजा लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडी मालकांच्या दोन गटांतल्या वादातून गोळीबार झाला. खेळ म्हणवणाऱ्या या गोष्टीत बंदुका कुठून आल्या, असा प्रश्न त्या वेळी वर्तमानपत्रांनी विचारला. त्या बंदुका ज्या घरांत ठेवल्या जातात, तिथे बाया राहतात, हे कुणी लिहिलं नाही.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल एक दूरचं उदाहरण देते, कारण ते आपल्या उपयोगाचं आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात दुसऱ्या महायुद्धाआधीच ‘स्टॉक कार’ शर्यती सुरू झाल्या. स्टॉक कार म्हणजे कारखान्यातून निघते तशी, घरात वापरायची साधी गाडी. चोरटी दारू पोचवणारी, पोलिसांना चुकवत गाडी हाकण्यात पटाईत झालेली पोरं मातीच्या मैदानात एकमेकांशी पैज लावायची, तिथून हे सुरू झालं. हातभट्टी आणि शर्यत यांचं नातं असं साता समुद्रापार आहे! १९४८ मध्ये या शर्यतींची ‘नॅस्कार’ ही संघटना स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे साध्या गाड्यांची तिची पहिली मोठी शर्यत झाली, तिच्यात सारा ख्रिश्चन नावाची बाई गाडी चालवत होती. पुढच्याच महिन्यात, १० जुलैला, डेटोनाच्या शर्यतीत सारा ख्रिश्चन, लुईस स्मिथ आणि एथेल मोब्ली अशा तिघी होत्या. म्हणजे खेळ कच्चा होता, नियम धड ठरले नव्हते, तेव्हा बायांना आत शिरायला फट होती. मग पैसा आला, कंपन्या आल्या, आणि ती फट बुजली. त्यानंतर जेनेट गथ्री या बाईचं नाव गाजलं ते १९७६-७७ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. मोटारींच्या दुसऱ्या प्रसिद्ध शर्यतीच्या, इंडियानापोलिसच्या मैदानावर तर १९७१ पर्यंत गाड्या दुरुस्त करतात त्या जागेतही बाईला पाऊल टाकू देत नव्हते.

बायांनीही बैल पळवावेत, हा माझा मुद्दा नाही. कुणा मुलीला छकडा हाकायचा असेल तर तिला अडवणारे आपण कोण? पण तेवढ्याने गोठ्यातल्या बाईचं काही बदलत नाही. मला त्या उदाहरणातून एवढंच घ्यायचं आहे की नियम ओले असताना जी माणसं हजर असतात, त्यांचीच जागा पुढे पक्की होते. आपल्याकडे ते नियम आत्ता ओले आहेत. कायद्याप्रमाणे शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. धाव १,००० मीटरपेक्षा जास्त नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी, काठी-चाबूक आणि विजेचा धक्का नको, छळ केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. बैलाची काळजी घेणारी ही कलमं घातली गेली, ती प्राणीमित्र संघटना बारा वर्षं न थकता मागे लागल्या म्हणून. आपण मागे लागलो नाही म्हणून बाईसाठी एकही कलम नाही.

काय मागता येईल? दारूच्या दुकानाबद्दल आपण एक गोष्ट मिळवलेली आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मग ज्या गावात शर्यतीचा अड्डा भरणार, तिथल्या बायांचं मत का घेऊ नये? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहेच. ती बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकाच्या वहीत भरते, एवढंच. शर्यतीच्या परवानगी अर्जाला महिला सभेचा ठराव जोडलाच पाहिजे, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येईल. नाही जोडला तर अर्ज अपुरा. बायांनी हो म्हटलं तर होऊ द्या शर्यत. पण नाही म्हणायचा अधिकार आधी हवा, नाहीतर त्या ‘हो’ला काय किंमत?

दुसरं, मालकीचं. सरकार आता जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला मारून त्यांची नोंद करतं. ती नोंद कुणाच्या नावावर आहे ते आपल्या गटातल्या किती जणींनी पाहिलं आहे? १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, जमिनीवर बायकोचं नाव लावायला सांगितलं, अनेक गावांत ते लागलंही. आता जमीन उरली नाही आणि पैसा बैलात गेला, तर बैलाच्या नोंदीवर आणि बक्षिसाच्या पावतीवर दोघांचं नाव लावा म्हणायला काय हरकत आहे? लोक हसतील. सातबाराच्या वेळीही हसलेच होते.

तिसरी गोष्ट केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. बैलासाठी बायकोचे दागिने मोडले, तिच्या नावचं गटाचं कर्ज खुराकात घातलं, अशा तक्रारी आपण ‘घरगुती कुरबुर’ म्हणून सोडून देतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. स्त्रीधन तिच्या संमतीशिवाय विकणं त्यात स्पष्ट बसतं, घरखर्चाला लागणारा पैसा न देणंही बसतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या अर्जात हे नीट लिहा: किती तोळे, कधी मोडले, बैल कधी आला. तारखा जुळवल्या की केस आपोआप उभी राहते. हक्कसोड पत्राच्या बाबतीत तर सहीच्या आधीच गाठायला हवं. आमच्या गटांत आम्ही एक रीत पाडली आहे. भावाने ‘सहीला चल’ म्हटलं की आधी कागदाची प्रत मागायची आणि ती बैठकीत सगळ्यांसमोर वाचून घ्यायची. आजवर ज्यांनी प्रत मागितली, त्यांतल्या काहींना भावाने पुन्हा बोलावलंच नाही. काहींना थोडा का होईना वाटा मिळाला. एकीने प्रत वाचून, सगळं समजून, तरीही सही केली. तिचा निर्णय तिचा.

शर्यतींचा हंगाम भात कापून झालं की सुरू होतो. म्हणजे अर्ज दिवाळीच्या सुमाराला जायला लागतात. त्याच्या आधी आपापल्या गावात महिला सभा लावून घ्यायची असेल तर सरपंचांना पत्र श्रावणातच द्यायला हवं, आणि त्याची पोच सही-शिक्क्यासह घ्यायला हवी.